साडेसातशे रुपयांची काच

सरकारी अहवालात लिहिलं आहे की त्या काचेमुळे ड्रायव्हरचा जीव वाचला. त्या अहवालाची नक्कल माझ्या वडलांच्या टेबलावर आली होती. ती मी दोनदा वाचली. पानभर अहवालात सहदेवचं नाव एकदाच येतं, तेही ‘आरोपी’ म्हणून. म्हणून त्याची हकीकत मी लिहून ठेवते आहे. कुणाला बोचली तर बोचू दे.

सहदेवचं अमरावतीत नागपुरी गेटाच्या आत काचांचं दुकान होतं. दुकान म्हणजे दहा फुटांची खोली, मधे घोंगडी अंथरलेला लाकडी पाट, भिंतीला टेकवलेल्या काचा. माणूस उंचापुरा, बोलायला कमी, आणि हाताच्या बोटांवर इतके जुने व्रण की नवीन कापलं तर त्याचं त्यालाच कळत नसे. आमच्या घराच्या सगळ्या तावदानांचं काम त्याचंच. माझे वडील हरिहर वकील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू. आणि मी प्रमोदिनी, मुलींच्या शाळेत मास्तरीण. पोरींनी शाळेची खिडकी फोडली की मी त्याच्याकडे निरोप धाडायची आणि तो हातातलं काम टाकून यायचा.

काच कापायची त्याची रीत मी कितीदा तरी पाहिली आहे. हिऱ्याची कलम घ्यायची, पट्टीला टेकवायची आणि एका दमात रेघ ओढायची. मग खालून हलकेच टिचकी. काच त्या रेघेवर सरळ सुटायची. पुन्हा गिरवली की काच बिघडते, म्हणायचा. चौकटीत काच बसवली की खडू आणि जवसाच्या तेलाची लांबी स्वतःच्या हाताने मळून कडेने भरायचा.

त्याचा आणखी एक नेम होता. अचलपूरच्या ज्या उस्तादाकडे तो शिकला, त्यांनी त्याच्याकडून वचन घेतलं होतं की उघडी चौकट टाकून दिवेलागणीला घरी जायचं नाही. काढलेल्या काचेच्या जागी त्याच दिवशी काच बसलीच पाहिजे. एकदा आमच्या माजघराच्या खिडकीसाठी तो पावसात भिजत दोनदा दुकानात गेला आणि आला. मी म्हटलं, "उद्या बसवा ना, सहदेवभाऊ." तर म्हणाला, "उघडी चौकट मांगं ठेवून माह्या गळ्याखाली भाकर उतरत नाई, बाई." ह्याच नेमाने त्याचा घात केला.

अडतीस सालच्या पावसाळ्यानंतर अकोट तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याच्या गावांमध्ये एका टोळीने धुमाकूळ घातला. ठासणीच्या भरमार बंदुका होत्या त्यांच्याजवळ. कापसाच्या गाड्या अडवायचे, घरं फोडायचे आणि सेमाडोहकडच्या जंगलात शिरायचे. पोलीस मागे गेले की घाटाच्या वळणावर वरून गोळी यायची. दोन शिपाई मेले. मग वरून हुकूम आला की एका लॉरीला समोरून गोळी अडवणारी काच बसवा. किंमत साडेसातशे रुपये. आणि ती भरायची कुणी? त्या पायथ्याच्या नऊ गावांनी! गावांनी टोळीला आसरा दिला असं धरून जादा पोलिसांचा सगळा खर्च त्यांच्यावर बसवला होता, त्यातच ही काच.

सहदेवची धाकटी बहीण सुभद्रा त्या नऊ गावांपैकी एकात दिलेली. नवरा पुंजाराम, पोलिसात ड्रायव्हर. तो अमरावतीच्या पोलीस लाइनीत राहायचा, ती गावी शेत बघायची. टोळीने तिच्या घरातली भांडीसुद्धा ठेवली नव्हती. महिन्याभरात पटवारी दारात उभा, कराचा कागद घेऊन. तिने हातातले चांदीचे गोठ काढून दिले. नंतर ती मला म्हणाली, "ज्याचं घर लुटलं त्यानंच दंड भराचा, हे कोन्तं राज हाये, बाई?" मी शाळेत मुलींना राज्यकारभार शिकवायची.

आणि ती लॉरी चालवायला नेमणूक झाली कुणाची, तर पुंजारामची. बायकोच्या गोठांची काच, नवरा तिच्या मागे बसणार. सहदेवला हे ठाऊक होतं. म्हणून काच बसवायचं काम त्याच्याकडे आलं तेव्हा तो खूश झाला होता. म्हणाला, "दुसऱ्या कोनाच्या हाती गेलं असतं त मले झोप नसती लागली."

काच पुरवायचा ठेका शेषरावचा होता. शेषराव म्हणजे अमरावतीत ज्याच्या नावावर तीन जिनिंगच्या इमारती, चार पूल आणि एक शाळा आहे तो. त्या शाळेचं छत पहिल्याच पावसात गळलं, पण ते असो. नोव्हेंबरात एके सकाळी त्याचा माणूस गवतात गुंडाळलेली काच घेऊन दुकानी आला. लॉरी दाराशी उभी होतीच. सहदेवने जुनी काच काढली, चौकट खरवडून साफ केली आणि नवी काच लावून पाहिली. दोन बोटं मोठी होती.

गोळी अडवणारी काच कशी असते ते सहदेवला माहीत होतं. नागपूरला एका संस्थानिकाच्या मोटारीची तसली काच त्याने हाताळली होती. दोन-तीन काचांच्या मधे चिकट पडदा असतो. ती एका रेघेने कापतच नाही. दोन्ही बाजूंनी रेघ ओढा, स्पिरिटच्या दिव्याने मधला पडदा शेकवा, पात्याने चिरा, अर्धा दिवस जातो. म्हणून त्याने दिवा पेटवून ठेवला, पट्टी लावली, वरून रेघ ओढली आणि काच उलटी करण्यासाठी नुसती उचलली. काच सुटली. दोन बोटं रुंदीची पट्टी त्याच्या हातात आली.

तो पाटावर बसून राहिला. मग पट्टीचा काठ उजेडात धरून पाहिला. आरपार हिरवा. मधे पडदा नाही, काही नाही. नुसती जाड काच.

दुपारी शेषराव स्वतः आला. सहदेव म्हणाला, "ठेकेदार, ही गोयी अडवनारी काच नोहे. ही त हलवायाच्या कपाटाची काच हाये."

"तुले बसवाचे पैसे भेटून राहिले ना?" शेषराव म्हणाला. "मंग ते गोयी अडवते का नाई, तुले काय करा लागते?"

"याच्यामांगं माह्या बहिनीचा नवरा बसनार हाये."

"त मंग त्याले सांग, डोकं खाली घालून गाडी चालव."

असं बोलला तो. सहदेवने मला हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज चढला नव्हता, माझाच चढला होता.

आता इथे दुसरा कुणी असता तर हात झटकून उठला असता. सहदेव उठला नाही. लॉरीची चौकट सकाळपासून उघडी होती, आणि दिवेलागण होत आली होती. आज बसवून टाकू, उद्या कचेरीत सांगू, साहेब लोक काढून दुसरी बसवतील, असा त्याने सरळ माणसाचा सरळ हिशेब केला. काच बसवली. बसवली तीही अशी की कुठे फट नाही, कुठे लांबीचा डाग नाही. वाईट बसवणं त्या हातांना जमतच नव्हतं. शेषरावच्या माणसाने मजुरीची म्हणून एक इंग्रजी चिठ्ठी पुढे केली, तिच्यावर त्याने मराठीत सही केली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत कारकुनाने तीच चिठ्ठी त्याच्यापुढे टाकली. तिच्यात लिहिलं होतं की माल तपासून, योग्य असल्याची खात्री करून बसवला आहे. कारकून म्हणाला, "सही तुझीच ना? काल खात्री होती, आज कावून नाई?" आणि शिपायाने त्याला दाराबाहेर काढलं.

त्याच संध्याकाळी तो आमच्याकडे आला. हातरुमालात गुंडाळलेली ती पट्टी बरोबर होती. नाना बैठकीत होते. सगळं ऐकून त्यांनी पट्टी उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाले, "पुरावा चांगला आहे. लेखी अर्ज द्यायला हवा. प्रमोदिनी, कागद घे."

अर्ज मी लिहिला. सहदेव सांगत होता आणि मी ते नीट मराठीत उतरवत होते. शेवटी तो म्हणाला, "हे बी लिवा बाई, गोयी लागो का चुको, काच डोयात जाईन. जाड काच फुटली का तिची भुकटी होत नाई, सुऱ्या होतात." मी लिहिलं, ‘गोळी चुकली तरी या काचेमागे बसणाऱ्या माणसाचे डोळे जातील.’ नाना म्हणाले, "हे वाक्य भडक आहे, काढ." मी म्हटलं, "हे त्यांचं वाक्य आहे, राहू द्या." राहिलं. सहदेवने सही केली, मी तारीख घातली.

"टपालाने नको," नाना म्हणाले. "टपालाचे अर्ज टोपलीत जातात. उद्या मी स्वतः साहेबांच्या हातात देतो. पट्टीही राहू दे माझ्याकडे."

सहदेव नानांच्या पाया पडला. हे मला अजून आठवतं आणि अजून माझं रक्त उकळतं.

मग वाट बघणं सुरू झालं. लॉरी अजून कचेरीच्या आवारातच उभी होती, तिला मागून लोखंडी पत्रे ठोकायचं काम चाललं होतं. ते संपलं की ती अकोल्याला जाणार आणि तिथून घाटात. तोवर काच बदलली गेली की झालं. रोज संध्याकाळी दुकान बंद करून जाताना सहदेव आमच्या फाटकाशी थांबायचा. "बाई, अर्जाचं काही कळलं का?" मी आत जाऊन नानांना विचारायची. नाना म्हणायचे, "चौकशी चालू आहे, सरकारी काम आहे, घाई करून चालत नाही." मी बाहेर येऊन तेच शब्द सांगायची. पंधरा दिवस, रोज, मी माझ्या तोंडाने त्याला सांगत होते की चौकशी चालू आहे.

आठ डिसेंबरला लॉरी अकोल्याला गेली. काच तीच. सहदेवला हे निघणाऱ्या पुंजारामकडून कळलं आणि त्याने बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली. अकोल्याला पोलिसांच्या मैदानावर साहेब लॉरीची पाहणी करत होते. चहूकडे शिपाई उभे, पुंजाराम स्टिअरिंगवर. सहदेव गर्दीतून पुढे झाला. पुंजाराम नंतर सांगायचा, तो आधी त्याला म्हणाला, "जवाई, खाली उतरा." पुंजाराम उतरला. मग सहदेवने खिशातून खिळे ठोकायची हातोडी काढली, साहेबाला म्हणाला, "साहेब, पाहून घ्या," आणि काचेवर एक टोला हाणला.

काच फुटली. बैठकीवर, स्टिअरिंगवर, जिथे पुंजारामची मांडी होती तिथे वीतवीतभर लांबीचे तुकडे पडले.

कुणालाही वाटेल की आता तरी डोळे उघडतील. साडेसातशे रुपयांची गोळी अडवणारी काच एका हातोडीने फुटली, सगळ्यांनी पाहिली! पण साहेब काचेकडे बघतच नव्हते. ते हातोडीकडे बघत होते. सहदेवला तिथेच बेड्या पडल्या.

खटल्यात वकील नानाच होते. मी आणि सुभद्रा अकोल्याला गेलो होतो. आरोपपत्र वाचलं गेलं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. आरोपीने अंदाजे पंधरा तोळे वजनाच्या हातोडीने सरकारी मालकीची, बंदुकीची गोळी अडवणारी काच फोडली. एवढं वाचून कारकुनाने पान उलटलं. कोर्टात कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी मात्र मोठ्याने हसले. मॅजिस्ट्रेटने चष्म्यावरून पाहिलं आणि बाईंना बाहेर न्या म्हणून सांगितलं. दाराशी उभी राहून मी पुढचं ऐकलं.

नाना म्हणाले की आरोपी गरीब आहे, त्याचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं, दया करावी. सहदेव पिंजऱ्यातून म्हणाला, "वकीलसाहेब, ते पट्टी दाखवा ना." नाना मागे न बघता म्हणाले, "तू गप्प राहा, मी बघतो."

तीन महिने सक्तमजुरी. वर काचेची किंमत वसूल करायची, पुरी साडेसातशे. त्याच्या दुकानातल्या काचा लिलावात गेल्या, उरलेले पैसे पुन्हा त्या नऊ गावांवर. आणि दुसरी काच पुरवली शेषरावनेच. ह्या वेळी आठशेला.

सुभद्राने नवऱ्याला नोकरी सोड म्हणून पायावर डोकं ठेवलं. पुंजाराम म्हणाला, "आत्ता सोडली त मनतील, टोयीवाल्याइले सामील हाये. तुह्या भावाच्या बाजूच्या कोठडीत टाकतील मले." तो कामावर गेला.

नऊ जानेवारीला सकाळी सेमाडोहच्या घाटात, दुसऱ्या वळणावर, गोळी आली. एकच. ती काचेतून आली, पुंजारामच्या कानाजवळून गेली आणि मागच्या पत्र्यात रुतली. त्याला गोळी लागलीच नाही. काच लागली. दोन्ही डोळ्यांत. डाव्या हाताला दरी होती आणि मागे अकरा शिपाई बसले होते. काही दिसत नसताना त्याने ब्रेक दाबून धरला आणि डोंगराच्या बाजूला स्टिअरिंग वळवलं. अकरा माणसं वाचली. त्यावर अहवाल आला की काचेने गोळीची दिशा बदलली, सबब काचेसाठी झालेला खर्च योग्य होता.

पुंजारामला पेन्शन नाकारलं, कारण काय तर अंगावर गोळीची जखम नाही!

मार्चमध्ये सुभद्रा पेन्शनचा फेरअर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आली. नाना कोर्टात होते. तावाचा कागद हवा म्हणून मी त्यांच्या टेबलाचा खालचा खण उघडला. आत जुन्या पावत्या होत्या, त्यांच्यावर एक घडी घातलेला कागद आणि कागदावर ती काचेची पट्टी, हातरुमालासकट. कागद उघडायची गरज नव्हती. अक्षर माझंच होतं. त्याच्यावर कचेरीचा शिक्का नव्हता, आवक क्रमांक नव्हता, काही नव्हतं. अर्ज आमच्या घराबाहेर गेलाच नव्हता.

संध्याकाळी नानांसमोर मी तो धरला. त्यांनी पगडी खुंटीला लावली आणि शांतपणे म्हणाले, "शेषरावचे सहा दावे माझ्याकडे आहेत. त्यांच्यावर हे घर चालतं. तुझं शिक्षण कशावर झालं, याचा कधी विचार केलास?" मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. मुलीने बापाला बोलू नये असंच ते होतं, आणि त्यातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही.

सहदेव सुटून आला तेव्हा दुकानाच्या भिंती रिकाम्या होत्या. हिऱ्याची कलम तेवढी उस्तादाच्या नातवाने लिलावात घेऊन त्याला परत दिली. त्याने पुन्हा सुरुवात केली, आणि पुंजारामला दुकानात बसवलं. कापलेल्या काचेचा काठ पाण्याच्या दगडावर घासून बोथट करायचा असतो, म्हणजे हात कापत नाही. त्या कामाला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. पुंजाराम दिवसभर तेच करायचा.

चैत्रात एका दुपारी मी अर्ज आणि पट्टी घेऊन तिथे गेले. आठवडाभर धीर झाला नव्हता. सहदेव चौकट मापत होता. मी पट्टी त्याच्या पाटावर ठेवली. त्याने लगेच ओळखली.

मी म्हटलं, "सहदेवभाऊ, अर्ज गेलाच नव्हता. नानांच्या खणात होता. मी तुम्हाला रोज सांगत होते ते खोटं होतं. मला ठाऊक नव्हतं, पण खोटं होतं."

सहदेवने पट्टी उचलली आणि पुंजारामच्या हातात दिली. पुंजारामने तिच्या काठावरून अंगठा फिरवला. तो काठ कुणी घासला नव्हता, अंगठ्यावर बारीक रक्त आलं.

"अर्ज संग आनला का, बाई?" पुंजारामने विचारलं.

"आणला आहे."

"वाचा."

मी वाचला. रोज पन्नास पोरींना मोठ्याने धडे वाचून दाखवणारी मी, त्या एका पानावर तीनदा अडखळले. ‘गोळी चुकली तरी या काचेमागे बसणाऱ्या माणसाचे डोळे जातील,’ हे वाक्य आलं तेव्हा मी थांबले. पुंजारामचे हात दगडावर थांबले होते.

"पुढं?"

"पुढे सही आहे. सहदेवभाऊंची."

"तारीख?"

"एकवीस नोव्हेंबर."

तो बोटांची पेरं मोजू लागला. नोव्हेंबरचे उरलेले दिवस मोजले, डिसेंबर मोजला, मग जानेवारीचे. घाईने मोजलं नाही, एक पेर दोनदा मोजलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"एकोनपन्नास दिवस," तो म्हणाला. "एकोनपन्नास दिवस मले दिसत होतं, बाई, अन् हा कागद तुमच्या घरी होता."